भांडणाची कॅसेट

माझे सासरे फारसे बोलत नसत. सगळे त्यांना आप्पा म्हणत, कंपनीतले शिपाईसुद्धा. दोन खोल्यांत रेडिओ जोडत त्यांनी सुरुवात केली. पुढे टेपरेकॉर्डरची तीन मजली कंपनी उभी राहिली, तरी त्यांच्या खिशात पेनाऐवजी टेस्टरच असायचा. हाताचे इतके सढळ, की सासूबाई म्हणायच्या, "कुणी शर्ट छान आहे म्हणालं, तर हे उघडे घरी येतील."

छंद दोन. एक, निवडुंगांची कलमं करून वाटायची. उरलेली आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. दुसरा, आवाज गोळा करायचा. गळका नळ, सुताराचा रंधा, जिन्यातली पावलं, अशा कपाटभर कॅसेटी होत्या. पण टेप चालू असताना आप्पा श्वाससुद्धा जपून घेत. त्यामुळे त्या कपाटात जगातले सगळे आवाज होते, त्यांचा तेवढा नव्हता.

अपवाद एका कॅसेटचा. खिडकीतला निवडुंग सासूबाईंच्या बोटाला टोचला आणि त्या कडाडल्या, तेव्हा टेप चालू होता.

"हे घर आहे की वाळवंट?"

"बोल, बोल, थांबू नको. काटा मस्त हलतोय."

"कुठला? माझ्या बोटातला?"

मग दोघंही हसत सुटतात. आवाजाबरोबर टेपवरचा काटा हलतो, तो बघायला आप्पांना फार आवडे.

शेवटचं दीड वर्ष अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली होती. ते गेल्यावर रोज दुपारी, मागचं आवरलं की, सासूबाई ती कॅसेट लावून बसत. मी आतून ऐकायची. मलाही ती पाठ झाली होती.

एक दिवस टेप अडकला. झाकण उघडेना, कॅसेट आतच. मी नवऱ्याला म्हटलं, "कंपनीत जाताय ना, तेवढा दुरुस्तीला द्या." आत कॅसेट आहे हे सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, मला वाटलं, दिसेलच की.

त्यानं घाईघाईत दुरुस्तीच्या खिडकीवर टेप ठेवला नि वरच्या मजल्यावर कामाला गेला. संध्याकाळी शिपायानं त्याच्या हातात खोकं दिलं, ते तसंच घरी आलं. सासूबाई तेव्हा तापानं फणफणल्या होत्या. आठवडाभरानं त्यांनी खोकं उघडलं. आत कोरा करकरीत टेप.

"अगं, माझं भांडण कुठे गेलं?"

मी तडक दुरुस्ती विभागात गेले. तिथले मुख्य कारागीर म्हणजे मीटरकाका. गळ्यात सदा वीज तपासायचा मीटर अडकवलेला. आप्पांबरोबर त्यांनी तीस वर्षं काढली होती.

"वहिनी, आप्पांची शिस्त तुम्हाला माहीत आहे. आलेल्याला थांबवायचं नाही, वस्तू कुणाची ते विचारायचं नाही. त्याच्या हातात नवीन द्यायचं, आणि जुनं नीट करून गरजवंताला त्याच दिवशी."

"आणि कॅसेट?"

"होती आत." त्यांचा आवाज खाली आला. "म्हटलं, असू दे, बाईला उपयोगी पडेल. शिंपीण आहे, नवरा जहाजावर असतो. कुणाची होती हो?"

मी सांगितलं. मीटरकाका स्टुलावर बसले ते उठलेच नाहीत.

शिंपिणीची खोली दोन गल्ल्या सोडून होती. शिवणयंत्र, चिंध्यांचं गाठोडं, आणि खिडकीत आमचा टेप. तिनं माझ्यासाठी खुर्चीवरचे ब्लाउज उचलले.

"ताई, ती कॅसेट मी नवऱ्याला पाठवली, जहाजावर. एका बाजूला मी बोलले, आमच्या घरातलं सगळं."

"आणि दुसऱ्या बाजूला?"

"तिथे कुणीतरी नवरा-बायको भांडत होते. इतकं गोड भांडण! म्हटलं, राहू दे, समुद्रावर त्याला घरात बसल्यासारखं वाटेल." माझा चेहरा बघून ती थबकली. "का हो?"

जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत तिनंच पुढे सांगितलं, "पण उत्तर तो त्याच कॅसेटवर भरतो. मी बोललेलं ठेवतो, दुसऱ्या बाजूवर स्वतः बोलतो. आमची तशीच पद्धत आहे."

त्याच दुपारी नवऱ्यानं जहाज कंपनीच्या कार्यालयातून निरोप धाडला: ती बाजू पुसू नका. निरोप जहाजाला पुढच्या बंदरात मिळेल, असं तिथले म्हणाले. कॅसेटचं टपालही त्याच बंदरात पोचणार होतं. आधी काय पोचेल, ते कुणालाच सांगता येईना.

सासूबाईंना काहीतरी थाप मारावी, असं वाटून गेलं. पण घडलं तसं सांगितलं, माझी चूकही. त्या खिडकीतल्या कुंड्यांकडे बघून, जणू आप्पांनाच, म्हणाल्या, "भांडणसुद्धा वाटून टाकलंत ना?" हसल्या नाहीत.

जेवायला बसल्या. मग एकाएकी म्हणाल्या, "अगं, पण त्या पोरीला उत्तर कशावर देईल तो? मीटरला सांग, कोऱ्या कॅसेटी जहाजावर पाठव म्हणावं. एक नको, डझनभर पाठव."

"पाठवते, आई. पण त्यानं आधीच भरली असेल तर?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. खिडकीशी जाऊन निवडुंगाची एक कुंडी उगाचच फिरवून ठेवली.

कॅसेटी गेल्या त्याला आज तेवीस दिवस झाले, तिकडून अजून काही कळलेलं नाही. मला पाठ आहे ते सगळं, म्हणून परवा न राहवून मी त्यांना ते भांडण म्हणून दाखवायला लागले. दोन वाक्यं झाली असतील.

"नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या आवाजात बसेल ते डोक्यात."