तो थांबा म्हणाला होता

साठीला दोन वर्षं कमी असताना मी ट्रक शिकायला गेलो. त्याआधी तीस वर्षं अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस वाहिला, पण तो ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टर माझा नव्हता. ज्याचा होता तो वारला, पोरांनी ट्रॅक्टर विकला आणि मी घरी बसलो. माझा पोरगा पुण्याहून फोनवर म्हणायचा, "बाबा, लई केलं, आता आराम करा." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मला ते शिवी दिल्यासारखं लागायचं. जालन्यात सळया वाहणारा एक ट्रकवाला ओळखीचा होता. तो म्हणाला, "हेवी लायसन घेऊन या, गाडी देतो. न पिणारा माणूस मला पायजेच हाय." तेवढ्या बोलण्यावर मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी गुरांमागं. लर्निंग लायसनची कंप्युटरवरची परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झालो. पहिल्या खेपेचं घरी सांगितलं नाही. "आज तिथं लाइटच न्हवती," म्हणालो. ते खोटं मला तेव्हा खोटं वाटलंसुद्धा नाही.

स्कूलचं मैदान जालना शहराच्या बाहेर होतं. एक जुना ट्रक, एक शिकाऊ कार, चार रिकामे ड्रम आणि पत्र्याचं ऑफिस. स्कूलचा मालक माझ्या लांबच्या नात्यातला निघाला आणि मला मामा म्हणायला लागला. शिकवणारा होता तो पस्तिशीचा माणूस, बदनापूरचा, बौद्ध घरातला. रोज रेल्वेनं यायचा-जायचा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मीही म्हणायचो, पण माझ्या म्हणण्यात थोडी टिंगल असायची आणि ती त्याला कळत होती.

पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "काका, आदी ट्रॅक्टर इसरा."

"का बरं?"

"तुमी ट्रालीवाले. बाकी सगळं तुमाला येतंय, मला म्हाईत हाय. पर रिवर्सला तुमचे हात दगा देणार."

"तू चड्डीत व्हता तवापासून मी ट्राली मागं घेऊन राह्यलो," मी म्हणालो. "बांधाच्या फटीतून फडात घालायचो. मागं बघायला माणूस बी लागत न्हवता."

बाकड्यावर बसलेले शिकाऊ हसले. मास्तर पण हसला. "म्हणूनच म्हणलो, काका," एवढंच बोलला.

त्याचं बराबर होतं. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की मागं घेताना सगळं उलटं असतं. ट्रॉलीचं ढुंगण डावीकडं न्यायचं तर स्टेरिंग उजवीकडं मारावं लागतं. ट्रकला तसं नाही. डावीकडं न्यायचं तर डावीकडंच मारायचं. समजायला काहीच अवघड नाही, लेकरालाही समजेल. पण तीस वर्षं हातांनी जे केलं ते डोक्याचं ऐकत नाही. पुढं चालवायला मी पहिल्या आठवड्यातच मोकळा झालो. रिव्हर्सला मात्र तो शेजारी बसून दर वेळी माझ्या मनगटाला हात लावायचा. "सुलटं, काका, सुलटं." एखादं माणूस आपल्याला घास भरवतंय असं मला वाटायचं. 

दोन आठवड्यांनी एका सकाळी मी त्याला म्हणालो, "तू खाली उतर. शेजारी कुणी बसलं की मला सुचत न्हाई."

तो म्हणाला, "अजून चार दिवस जाऊ द्या."

"उतर म्हणलो न."

तो उतरला. मागं जाऊन आरशात दिसेल असा उभा राहिला. ट्रक मागं घेत डावीकडं, दोन ड्रमच्या मधात घालायचा होता. उजव्या अंगाला शिकाऊ कार उभी होती. तीर्थपुरीच्या शाळेतल्या एक बाई कार शिकायला यायच्या. त्या नुकत्याच त्या कारमधून उतरून बाकड्याकडं गेल्या होत्या. बाकड्यावर अंबडची दोन पोरं होती, तीही कार शिकणारी.

मी रिव्हर्स टाकला आणि हात गेले उजवीकडं.

मास्तर ओरडला, "थांबा! काका, थांबा! उलटं जाऊन राह्यलं!"

मी ऐकलं. इथं मला लपवायचं नाही. इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी पुढं मनाला लई वेळा सांगून पाहिलं, पण मी ऐकलं. मला वाटलं हा घाबरट आहे, आणि बाकड्यावरची माणसं बघून राहिलीत. मी अजून दाबलं. ट्रकचं मागचं फाळकं कारच्या तोंडात गेलं. बॉनेट चेंबून वर आलं, काच फुटली. बाई तिथंच बसलेल्या असत्या तर काय, ते मी नंतर किती तरी दिवस मनात येऊ दिलं नाही.

मालक ऑफिसातून धावत आला. "कसं झालं? कुणी केलं?"

मी केबिनमधून उतरत होतो. आणि माझ्या तोंडातून निघालं, "यानंच येऊ द्या, येऊ द्या म्हणलं. मी याच्या भरवशावर मागं आलो."

विचार करून बोललो नाही. पण बोलल्यावर शब्द परत घ्यायला वेळ होता, आणि मी तो शब्द परत घेतला नाही.

मास्तर मालकाला म्हणाला, "साहेब, मी थांबा म्हणालो."

मालक म्हणाला, "एवढ्या वयाचा माणूस खोटं बोलंल का?"

यावर कुणीच काही बोललं नाही. बाई नाही, अंबडची पोरं नाहीत, मी पण नाही. मालकानं मला ऑफिसात नेलं, खुर्ची दिली. "बसा मामा, लागलं तर न्हाई न?" चहा आला. दाराबाहेर मास्तर फुटलेली काच गोळा करत होता, आणि मी तो चहा पूर्ण पिलो. मालक माझ्यासमोरच त्याला म्हणाला, "उद्यापासून तू ट्रकवर न्हाई. गाड्या धू, ऑफिस झाड. बघू पुढं."

तो बौद्ध, आणि मालक व मी एकाच जमीनवाल्या भावकीतले. बोलताना हे माझ्या ध्यानातही नव्हतं असं मी म्हणू शकतो, पण ते आणखी एक खोटं होईल. माझा शब्द वर राहणार हे मला तोंड उघडायच्या आधीच माहीत होतं. कुणी शिकवलं नव्हतं, तरी माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून मालकाचा भाचा मला शिकवायला लागला. तो मोबाइल बघत बसायचा. मी ड्रम पाडायचो, तो म्हणायचा, "चालतंय, चालतंय." मास्तर बादली घेऊन गाड्या धुवायचा. मी आलो की नजर वर करत नव्हता. रिव्हर्स काही येईना. ज्याला शिकवता येत होतं त्याच्या हातात मी फडकं दिलं होतं.

मग मी घरी सराव सुरू केला. खाटेवर बसायचं, परात धरायची आणि फिरवायची. घरची चुलीपाशी होती. बघून बघून म्हणाली, "अवो, काय करून राह्यलात ते?"

"रिवर्स शिकतोय."

"आन ते मास्तर शिकवीत न्हाई का आता?"

मग मी तिला सांगितलं, जसं मालकाला सांगितलं होतं तसंच. कार कशी ठोकली, मास्तरचं लक्ष कसं नव्हतं. सांगता सांगता रंगात आलो. "आन ते तिकडून वरडतंय थांबा, थांबा..." आणि माझं मला ऐकू आलं.

ती पीठ चाळत होती. चाळण थांबली.

"थांबा म्हणत होता का येऊ द्या म्हणत होता?"

मी परात फिरवत बसलो.

"त्याला लेकरं हायेत का?"

"दोन."

तिनं हात पुढं केला. "परात द्या इकडं. पीठ मळायचंय." पुढं दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, तिनं मला असं कधी केलं नव्हतं. भांडली असती तर मीही भांडलो असतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मालकापुढं जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "त्या दिवशी चूक माझी होती. तो थांबा म्हणाला होता. मी खोटं बोललो."

मालक हसला. "जाऊ द्या हो मामा. झालं ते झालं. त्याला कुठं काढून टाकलंय? हायेच की कामाला."

"त्याला बोलवा. त्याच्यासमोर सांगतो."

"कशाला वाढवता?"

"बोलवा म्हणलो न!" माझा आवाज चढला. मास्तर ओल्या हातांनी दारात आला. मी परत सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो म्हणेल, असू द्या काका. लोकांनी असं म्हणायची सवयच आहे मला.

तो म्हणाला, "हे मला सांगून काय उपेग? मला तर म्हाईतच हाय. त्या दिवशी जे बाकड्यावर व्हते त्याईला सांगा. त्याईच्यासमोर मी खोटा पडलो."

मला राग आला, हेही लिहितो. एवढा खाली वाकलो तरी याचं भागत नाही असं वाटलं. दोन तास मैदानाच्या कडेला बसून राहिलो. मग अंबडची पोरं आली तेव्हा उठलो आणि त्यांना सांगितलं. एक म्हणाला, "बरं काका." दुसऱ्यानं मान खाली घातली. बाईंचं शिकणं झालं होतं, त्या आता येत नव्हत्या. म्हणून दुसऱ्या दिवशी एसटीनं तीर्थपुरीला गेलो. बाजाराचा दिवस होता. शाळा विचारत विचारत पोचलो आणि मधल्या सुट्टीत बाईंना व्हरांड्यात गाठलं. पोरं खिचडीची ताटं घेऊन भवती उभी होती. मी टोपी काढली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळू म्हणाल्या, "काका, ते थांबा म्हणाले ते आम्ही तिघांनीही ऐकलं होतं. ऑफिसचं दार उघडं होतं, मालकांनीही ऐकलं असेल."

"मंग त्या वक्ताला बोलल्या का न्हाईत?"

"तुमच्या वयाकडे बघून. आणि खरं सांगू का, कोणी बोलेना म्हणून मीही बोलले नाही." त्यांनी पदर सारखा केला. "मी बोलायला पाहिजे होतं."

परतीच्या एसटीत मला बसायला जागा मिळाली, पण मी उभाच आलो. इतके दिवस मला वाटत होतं की मी लोकांना फसवलं. फसवलं कुणालाच नव्हतं. सगळ्यांना खरं ठाऊक होतं, तरी माझं खोटं चालून गेलं. माझ्या वयाला आणि माझ्या घराला त्यांनी मान दिला, आणि तो त्या माणसाच्या पोटातून काढून दिला. मी ते फुकटचं समजून खाल्लं.

मालकानं मास्तरला परत ट्रकवर घेतलं. माझ्यामुळं घेतलं असं मी म्हणणार नाही. बाईंनी त्याच संध्याकाळी मालकाला फोन केला होता, हे मला भाच्याकडून कळलं.

आता टेस्टला चार दिवस राहिलेत. मास्तर मला शिकवतो. काही हातचं राखत नाही, पण कामाशिवाय एक शब्द बोलत नाही, आणि काका म्हणत नाही. शेजारी बसून दहा दिवसांत त्यानं माझा हात सुलटा केला. आता मी एकटा मागं घेतो, तेव्हा तो खाली असतो. पण ट्रकच्या मागं उभा राहत नाही. बाजूला, चांगला वीस पावलं लांब उभा राहतो आणि तिथून हात करतो. आरशात तो एवढासा दिसतो. मान बाहेर काढून बघावं लागतं. त्याला जवळ उभा राहा म्हणायला माझ्याजवळ तोंड नाही.