न उघडलेली जाळी

पांढरकवड्याला हायवेलगत माझं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. ट्रकच्या केबिनपासून दवाखान्याच्या फ्रिजपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. पण चालतं घर म्हणावं अशी गाडी दुकानासमोर उभी राहिली ती दोन वर्षांपूर्वी, पहिल्यांदाच. लांब पांढरी गाडी. आत पलंग, शेगडी, छोटं मोरीघर, छतावर एसी आणि तो चालवायला खाली बसवलेला जनरेटर.

जून संपत आला होता. पाऊस दोनदा तोंड दाखवून गेला होता आणि मागे नुसता चिकट उकाडा ठेवून गेला होता. त्याच दिवशी कळंबला माझ्या पुतणीचं लग्न होतं, दुपारी साडेबाराचं. मी इस्त्रीचा शर्ट घालूनच दुकान उघडलं होतं. दहा वाजता शटर ओढायचं असं ठरवूनच.

गाडी चालवत होते ते साहेब पासष्टीचे असतील. मराठीच, पण कित्येक वर्षं हैदराबादला राहिलेले. म्हणाले, "एसी गार करत नाही. हिचे उपचार चालू आहेत, हिला उकाडा अजिबात सोसत नाही. उद्या नागपूरला तपासणी आहे."

त्यांच्या बाई आत पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला, चेहरा उतरलेला.

मी छतावर चढलो, एसीचं झाकण काढलं. कॅपॅसिटर थोडा फुगलेला दिसला. खरं सांगतो, मला आनंदच झाला. दोष सापडला, काम उरकलं. खालून बाईंचा आवाज आला, "सुरुवातीला गारच असतं हो. तासाभराने वाराच यायचा बंद होतो. आतली जाळी एकदा पाहता का?"

"पाहून राह्यलो ना मॅडम," मी वरूनच म्हटलं. पाहत नव्हतो.

नवा कॅपॅसिटर टाकला, एसी सुरू केला. दहा मिनिटांत आत गारवा आला. मी पाने-पकडी पिशवीत टाकत असताना बाई पुन्हा म्हणाल्या, "ती जाळी तेवढी..."

"अगं, त्यांचं रोजचं काम आहे हे," साहेब हसून म्हणाले. मीही त्यांच्यासोबत हसलो. वर म्हटलं, "आता काही टेन्शन नाही साहेब. मॅडमले निवांत झोपू द्या."

मी लग्नाला पोहोचलो तेव्हा नवरदेव मंडपात आला होता. मंगलाष्टकं सुरू असताना खिशातला फोन थरथरला. सकाळी घेतलेला त्या साहेबांचाच नंबर होता. मी फोन परत खिशात टाकला. तो पुन्हा थरथरला. हातात अक्षता होत्या, ही सबब मी मनातल्या मनात तयार केली. तिसऱ्यांदा मात्र मंडपाबाहेर येऊन उचलला.

साहेबांचा आवाज ओळखू येत नव्हता. वडकीजवळ एका ढाब्यावर ते जेवायला थांबले होते. बाईंना भूक नव्हती. माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी बाईंना एसी लावून, दारं-खिडक्या बंद करून आत झोपवलं होतं. जेवण झाल्यावर पडल्या-पडल्या साहेबांचाही ढाब्याच्या बाजेवर डोळा लागला. उठून दार उघडलं तर आत भट्टी झालेली, एसीचा नुसता आवाज चाललेला, आणि बाई हाक मारली तरी ओ देत नव्हत्या.

मी मोटारसायकल काढली. मोठा भाऊ मागून ओरडला, "पोरीची पाठवणी बाकी हाय, अन् तू कुठी चालला?" वडकी गाठायला राळेगावच्या रस्त्याला लागलो. वाटेत कुणी काही बोललं, काही आडवं आलं, मला आठवत नाही.

ढाब्यावाल्यांनी बाईंना वडकीच्या एका डॉक्टरकडे हलवलं होतं. गाडी दवाखान्यासमोरच उभी होती, एसी अजून चालूच. साहेब पायरीवर बसले होते. "सलाईन लावलंय. डोळे उघडले तिने," ते म्हणाले. मला एक शिवी तरी घालायला हवी होती त्यांनी. नाही घातली.

मी गाडीत शिरलो आणि छतातली जाळी उघडली. चार स्क्रू, दोन मिनिटं. आतल्या नळ्यांवर बर्फाचा पांढरा थर चढला होता. वारा आत ओढला जात नसला आणि हवा दमट असली की असंच होतं. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात सांगतो. वारा अडला होता, कारण जाळीवर केस होते. धुळीत मळलेले, लांब, काळे-पांढरे, एकमेकांत गुंतून वाकळीसारखा थर झालेले. रुमालाखालचे केस कुठे गेले ते मला तेव्हा कळलं.

कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा लावला. बर्फ वितळून पाणी टपकत राहिलं. केस मी हाताने काढले. ते फेकवेनात, कागदात गुंडाळून ठेवले. जाळी धुतली, बसवली, एसी पुन्हा सुरू केला, आणि मग दोन तास घड्याळ लावून तिथेच बसलो. सकाळी बसायला हवं होतं तसा.

पाचच्या सुमारास साहेब बाईंना धरून घेऊन आले. मी म्हटलं, "मॅडम, तुमी जाळी पाहाले सांगतली होती. मी नाही ऐकलं."

"हो," त्या म्हणाल्या. "दोनदा सांगितलं होतं."

मग त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरसुद्धा माझा आजार यांच्याकडे बघूनच सांगतात." साहेब दुसरीकडे पाहू लागले. बाईंनी हात वर करून वारा येतोय का ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. ठीक आहे, होतं असं, वगैरे काही त्या म्हणाल्या नाहीत.

नागपूरला पोहोचल्यावर साहेबांचा मेसेज आला, "पोहोचलो. गाडी गार होती." मी उत्तर दिलं नाही.

भावाने महिनाभर अबोला धरला, मग सोडला. बायकोला मी सगळं सांगितलं आहे. ती अधूनमधून म्हणते, "एक फोन करून इचारा ना, बाई कशा हायेत." नंबर आहे. एकदा-दोनदा काढलाही. पण साहेबांनी फोन उचलला आणि बाई नाहीत असं म्हणाले तर पुढे काय बोलायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.