कुंडीतली ताटली

"माती खोटं नाई बोलत, भैया," असं म्हणत तो आगपेटीच्या काडीने नखांतला चिखल काढत बसायचा. उरला या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात स्टार्चच्या, मातीत कुजणाऱ्या ताटल्या बनायच्या. नुसत्या स्टार्चची ताटली गरम वरणाने लुळी पडते, म्हणून तिच्यात धानाचा भुसा दळून घालायचा. ते कालवायचं काम त्याच्याकडे. तपासणीचे अहवाल माझ्याकडे.

भुसा उकळून, धुऊन, उन्हात वाळवून झाला की तो मूठभर घेऊन गालावर दाबायचा. "ओल हाय अजून. काहून घाई करून राहिले?" त्याचा एक गाल कायम खरचटलेला. आज वहिनींनी प्रसाद दिला का, असं आम्ही विचारायचो. तो लाजायचा. पण गालाचा निकाल कधी चुकला नाही.

प्रत्येक घाण्यातली एक ताटली तो फाटकाजवळच्या झेंडूच्या कुंडीत पुरायचा आणि तीन महिन्यांनी उकरायचा. काही सापडलं नाही की दिवसभर खूश. आपण केलेली वस्तू नाहीशी झाली म्हणून हरखणारा कारागीर तुम्ही कुठे पाहिलाय?

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाला भुशाचे तपकिरी ठिपके खुपले. साहेबांनी भुसा बंद करून साध्या प्लास्टिकचा दाणा मिसळायला लावला. ताटली पांढरीशुभ्र झाली. पाकिटावर 'मातीत मिसळणारी' तसंच राहिलं, माझ्या अहवालातही.

त्याने तीही पुरली. तीन महिन्यांनी उकरताना कुंडी मीच धरली होती. ताटली अख्खी निघाली. ती तशीच चिखलासकट नेऊन त्याने गिऱ्हाइकासमोर साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी मला बोलावलं. "आपकी रिपोर्ट में क्या लिखा है?"

"पूरी गल गई, सर."

मुलीचं लग्न तोंडावर होतं. ते कारण तेव्हा मला पुरेसं वाटलं.

तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "तुमीच तं कुंडी धरली होती, भैया."

दुसऱ्या दिवशी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. ती ताटली साहेबांनी कचऱ्यात टाकली होती. मी ती उचलून पुन्हा कुंडीत पुरली आणि कुंडी घरी आणली. का, ते विचारू नका. पुढे एकदा तो गोल बाजारात समोरून येताना दिसला. मी भांड्यांच्या दुकानात शिरलो आणि नको असलेली पळी घेऊन बाहेर आलो. त्यानंतर तो दिसला नाही.

कुंडीतला झेंडू दोनदा वाळला, दोनदा नवा लावला. दर वेळी उकरून पाहतो. ताटली अजून तशीच आहे. धुतली तर तिच्यात जेवता येईल.