तान मावशींच्या काढ्याचं मडकं

तान मावशींना पित्ताशयातल्या खड्यांनी छळलं, पण त्याहून जास्त छळलं ते रिकाम्या घरानं. नवरा रेशीम गिरणीतून निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत गेला. मुलगा दूर शेन्झेनला. फोन करतो, तोही ‘जेवलीस का’ एवढ्यापुरता.

आमच्या लांगचोंग गावात काढ्याचं मडकं मागून नेलं तर परत नेऊन देत नाहीत. दिलं तर आजारच त्या घरी पोचवल्यासारखं होतं. ज्याचं मडकं त्यानंच, दुखायला लागलं की येऊन न्यायचं. आणि गल्लीत जुनं, मुरलेलं मडकं काय ते मावशींचंच. त्यामुळे कूस दुखली की त्या माझ्या जडीबुटीच्या दुकानातून नाण्याएवढ्या पानांचं गवत, रानहळद, रेवाचिनी बांधून घ्यायच्या आणि मडकं ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे जायच्या. तिथं चहा, सूर्यफुलाच्या बिया, गप्पा. काढा काही संध्याकाळपर्यंत चुलीवर चढायचा नाही.

मग मी दुकानात काढा उकळून पिशव्यांत भरणारं यंत्र आणलं. पिशवी गरम करा, फोडा, प्या. माझा धंदा वाढला, मडक्याला मात्र कुणी विचारेना. ते मावशींच्या ओट्यावर बसून राहिलं आणि मावशी त्याच्यासमोर.

परवा त्या मडकं जाकिटाखाली धरून आल्या आणि थेट माझ्या गल्ल्यावर ठेवलं. "शिऊयुन, हे राहू दे तुझ्याकडे."

माझं डोकंच फिरलं. "धडधाकट माणसाच्या दारात काढ्याचं मडकं आणता? रीतभात विसरलात की काय?"

"विसरले नाही गं. पण ते घरातच असलं, तर मी जाऊ कुणाकडे?"

 तरी मी हट्टानं मडकं घेतलं नाही. मावशी ते जाकिटाखाली धरून परत गेल्या, आणि मला दिवसभर कशात गोडी वाटली नाही.

काल दुकान उघडण्याआधी त्यांच्या दारात गेले. उजव्या बरगडीखाली हात दाबून म्हटलं, "मावशी, फार दुखतंय. मडकं द्या." खोटं दुखणं सांगितलं की खरं मागे लागतं म्हणतात. लागू दे. त्यांनी मडकं विसळून, पुसून हातात दिलं.

दुपारीच मावशी ते न्यायला हजर. चहा झाला, मुलाचं लहानपण झालं, गिरणीतल्या बायकांची भांडणं झाली. दिवे लागले तशा त्या उठल्या. मी मडकं पुढे केलं, तर त्यांनी हात मागे घेतले.

"आज जरा बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "राहू दे इथंच. उद्या दुखेल मला."