पौषातला पिकलेला आंबा

आमच्या पावसच्या घरात ऐन पौषात पिकलेल्या आंब्याचा वास आला आणि आत्याने सगळं घर पालथं घातलं.

तेव्हा कलमांना नुकता मोहोर फुटत होता. तयार फळ हाती लागायला अजून तीन-साडेतीन महिने तरी होते. तरीही आत्या छातीठोकपणे सांगत होती, घरात हापूस पिकलाय. आधी तिने अढीची खोली उघडली, म्हणजे जिथे आम्ही पेंढ्याच्या थरांत आंबे पिकायला घालतो ती. तिथे रिकाम्या पेट्या आणि एक पाल. मग माळा झाला, कोठी झाली, तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून झाला. त्र्याहत्तर वर्षांची बाई, पण पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत होती. "दिसत कसा नाही गो? कोणी आणून लपवून ठेवलान काय?"

मी माझ्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून कंपनीचं काम करत होते आणि तो आंबा माझ्या मांडीखाली होता. म्हणजे आंबा नव्हे. पेनड्राइव्हएवढा व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, मँगो फ्लेवरची.

आत्या दारात येऊन थांबली. मग सरळ माझ्यापाशी आली, वाकली आणि आंब्याचा देठ हुंगावा तसं तिने माझं डोकं हुंगलं. तिचा चेहरा उतरला.

"हा तर पावडरीचा आंबा," ती म्हणाली.

रसायनाची पावडर लावून कोवळी फळं घाईघाईने पिवळी करतात, त्याला आम्ही पावडरीचा आंबा म्हणतो. आमच्या घरात यापेक्षा मोठी शिवी नाही. चाळीस वर्षं आत्याने ती पावडर उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. "काय आहे ते काढ," ती म्हणाली. मी चौतीस वर्षांची, दहा माणसांच्या टीमची प्रमुख, कॉपी करताना सापडलेल्या मुलीसारखी उठले आणि तो व्हेप तिच्या हातावर ठेवला.

याची सुरुवात पुण्यात, ऑफिसच्या गच्चीवर झाली होती. सिगरेट नव्हे, नुसती वाफ आहे, असं सगळेच म्हणायचे आणि मीही म्हणायला लागले. फ्लेवर निवडायची वेळ आली तेव्हा मी आंबा घेतला, कारण मला घरची आठवण येत होती. रत्नागिरीत जन्मून प्लॅस्टिकच्या नळीतला आंबा ओढणारी मी एकटीच असेन. बाबा गेल्यावर आत्या एकटी पडेल म्हणून मी घरी राहायला आले, तर ही नळीही माझ्या पिशवीतून आली. आपल्याकडे त्याच्या विक्रीवर बंदी आहे, तरी मुंबईची एक मैत्रीण कपड्यांच्या पार्सलात घालून पाठवायची. सकाळी चहाच्या आधी, मीटिंगच्या मधे, न्हाणीघरात, बागेत पंप चालू करायला गेल्यावर... दिवसभर माझ्या नाकातोंडात तोच वास असायचा. घरात ओढताना वाफ खिडकीबाहेर सोडायचे; त्या दिवशी पहिल्यांदाच खिडकी उघडायची विसरले.

आत्याने व्हेप नाकाशी नेला, लांब केला, परत नेला. ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. तिने वेगळंच विचारलं.

"गेल्या मे महिन्यात मी तापाने पडल्ये होत्ये, तेव्हा पण हे ओढत होतीस?"

मी मान हलवली. मग तिने का विचारलं ते माझ्या लक्षात आलं आणि धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

अढीचं काम म्हणजे निम्मं नाकाचं काम. वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा देठापाशी आतून कुजायला लागलेला असतो. डोळ्याला ते दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण एक बारीकसा आंबूस वास येतो. तो फळ पेटीत जायच्या आधी पकडायचा. एक फळ सुटलं तर शेजारचीही जातात. आत्या आजारी पडली तेव्हा आठ दिवस हे काम माझ्याकडे आलं. मी प्रत्येक फळ हुंगलं, अगदी मन लावून. प्रत्येकाला आंब्याचाच वास आला. येणारच, मला तेव्हा पंख्यालाही आंब्याचा वास येत होता.

त्यातली एक पेटी कोल्हापूरच्या बाईंना गेली. या बाई निवृत्त शिक्षिका, माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडून आंबे घेतात. त्यांनी पेटी उघडली तर खालचे दोन थर पाणी झालेले. त्यांचा फोन आला तेव्हा आत्या अंथरुणातून उठून बोलली. "माझीच चूक हो. नाक म्हातारं झालं आता." मला पाठीशी घालायला ती असं बोलली, असं मला तेव्हा वाटलं होतं. तसं नव्हतं. तापातसुद्धा ती दिवसातून एकदा भिंतीला धरून खोलीत यायची आणि पेट्यांवरून नाक फिरवायची. आपल्यालाच वास पकडता आला नाही, हे तिने मनापासून खरं मानलं होतं. सर्दीने तिचं नाक तेव्हा पार बंद होतं, हा विचार तिच्या मनातही आला नाही.

त्यानंतर पावसाळाभर ती मला विचारत राहिली. "दूध नासलंय काय बघ गो, मला आता समजत नाही." "आमटी लागली काय खाली?" आणि दिवाळीत तिने सांगितलं, की बाग यंदा कंत्राटाने देऊन टाकूया, अढी बंद करूया. ज्या घरात नाक नाही त्या घराने अढी घालू नये. कंत्राटदाराला तिने शिमग्याचा वायदाही केला होता. मी हे सगळं ऐकलं, मान डोलावली आणि मागच्या अंगणात जाऊन दोन झुरके मारले.

त्या पौषातल्या दुपारी मला माझी लाज वाटली. नुसती लाज नाही, किळस आली. आठ महिने एक म्हातारी बाई माझी चूक आपल्या नाकावर घेऊन जगत होती.

आत्या मात्र मधेच हसायला लागली. आधी मला वाटलं रडतेय. "अगो, म्हणजे माझं नाक शाबूत आहे! माजघरातून मी तुझ्या खोलीतला आंबा पकडला!" तिने पदराने डोळे पुसले. मग गंभीर झाली. "पण माझं एकटीचं किती दिवस पुरणार? दुसरं नाक लागेल घरात. शिमग्याच्या आत तुझं परत आलं तर अढी घालू. नाही आलं तर बाग त्याला देऊ."

तिने व्हेप बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकला आणि डबा फडताळात, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. कुलूप नाही, काही नाही. मी म्हटलं, समुद्रात फेकून ये. "समुद्राने काय पाप केलान?" ती म्हणाली.

पहिले चार दिवस मी माणसात नव्हते. दात शिवशिवायचे, हाताला काय करावं ते सुचायचं नाही, झोप येता येत नव्हती. गॅसचा रेग्युलेटर बसेना म्हणून मी सिलिंडरला शिव्या दिल्या. मीटिंगमध्ये साहेबाने एक साधी शंका विचारली, त्याला असं काही फाडून खाल्लं की त्याने नंतर तब्येतीची चौकशी केली. शेवटी रत्नागिरीला जाऊन डॉक्टर गाठले. त्यांनी निकोटीनचं च्युइंग गम दिलं, ते हळूहळू कसं कमी करायचं ते लिहून दिलं आणि म्हणाले, "तलफ आली की वाटतं आता ही जाणारच नाही. पण काही मिनिटांत तिचा जोर ओसरतो. तेवढा वेळ हात आणि तोंड गुंतवा, बस."

तोंडाला गम होतं, शिवाय आत्याची आमसुलं. हातांसाठी आत्याने पेंढा काढला. अढीसाठी भाताचा पेंढा लागतो आणि तो आधी निवडावा लागतो. एखादी पेंढी आतून ओली राहिली, बुरसली, तर तो वास फळाला लागतो. "तलफ आली की पेंढ्यात जा," असा हुकूम निघाला. मग मी दिवसातून दहा वेळा पडवीत. पेंढी सोडायची, पसरायची, हुंगायची, बांधायची. हुंगून मला काहीच कळायचं नाही. गवताला गवताचासुद्धा वास येत नव्हता. आत्या चुलीपाशी बसून विचारायची, "काय म्हणत्येय पेंढी?" मी म्हणायचे, "गप्प आहे." अंगभर खाज, केसांत कुसळं, आणि साहेबाच्या प्रत्येक फोननंतर मी परत पडवीत. पण पेंढी बांधून होईपर्यंत तलफेने मान टाकलेली असायची. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने "गेलीस ना मेले!" असं ओरडले होते.

तिसऱ्या आठवड्यात आत्या पूर्णगडला लग्नाला गेली. त्याच दिवशी कंपनीत माझा एक प्रकल्प काढून दुसऱ्याला दिला. मी पेंढ्यात गेले नाही. मी फडताळापाशी गेले, डबा उघडला आणि सलग पाच झुरके मारले. सहाव्याला खोकला आला. मग सगळ्या खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली, केस धुतले. संध्याकाळी आत्या आली, चपला काढतानाच तिचं नाक हललं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "जेवल्येस काय? नाही ना? भात टाक. उद्यापासून परत पहिला दिवस." एवढंच. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या रात्री जेवताना मी ठरवलं की हिच्यासमोर पुन्हा उदबत्ती लावायची वेळ आणायची नाही, आणि आणली नाही.

वास परत आला तो मात्र अगदीच अनपेक्षित. फाल्गुन लागला होता. मी पडवीत पेंढी सोडत होते आणि एकदम माझ्या तोंडाला पाणी सुटलं. "आत्या, कोणीतरी सुका बांगडा भाजतंय!" आत्या चुलीवरचं सोडून बाहेर आली. वाऱ्याकडे नाक केलं. तीन घरं सोडून शेजारणीकडे भाजत होते. "शंभर वास सोडून हिला पहिला बांगडा आला!" आत्या हसत सुटली. मी पण हसले, आणि हसता हसता रडले. मग हावरटासारखी घरभर हुंगत फिरले. मिरीचा डबा, साबण, ओला कातळ, आत्याचं लुगडं. शेवटी बिस्किटाचा डबा उघडून त्या नळीला नाक लावलं. त्यात आंबा औषधालाही नव्हता. रबर पाकात बुडवल्यासारखा काहीतरी गोडूस वास होता. यावर मी चार वर्षं घालवली होती! पुढच्या वेळी रत्नागिरीला गेले तेव्हा जुने मोबाइल आणि बॅटऱ्या गोळा करतात तिथे तो टाकून आले.

शिमग्याच्या आदल्या दिवशी आत्याने पडवीत चोवीस पेंढ्या मांडल्या. "यातली एक बुरसलेली आहे." मी एकेक उचलून हुंगली. सतराव्या पेंढीपाशी थांबले, पुढे गेले, परत आले. "ही. पण ती कोपऱ्यातली पण." आत्या म्हणाली, एकच आहे. मी म्हटलं, दोन आहेत. तिने कोपऱ्यातली पेंढी सोडली. आत अगदी मधोमध, बोटाएवढी काळी बुरशी होती. आत्याने ती स्वतः हुंगून बघितली आणि परसात नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी कंत्राटदार आला तेव्हा तिने त्याला चहा दिला, पुरणपोळी दिली आणि सांगितलं, "बाग द्यायची नाही हो. आम्ही अढी घालतोय."

त्या हंगामात अढी मीच उघडली. आत्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची आणि मोठ्या मुश्किलीने आत यायचं टाळायची. तलफ तेव्हाही यायची, अधूनमधून, विशेषतः पेट्या भरून दमल्यावर. आली की मी एक फळ उचलून देठाशी नाक न्यायचे आणि ती जाईपर्यंत हुंगत राहायचे. कोल्हापूरची पेटी भरताना मी चार फळं बाजूला काढली. आत्याने ती कापून बघितली. त्यातल्या तीन फळांत देठापाशी तपकिरी डाग होता. चौथं चांगलं निघालं, ते आम्ही दोघींनी तिथेच उभ्याने खाल्लं.

आठवड्याने बाईंचा फोन आला. आत्याने तो मलाही ऐकू जाईल असा स्पीकरवर लावून ठेवला होता. "यंदाचा आंबा काय सुरेख हो! तुमचं नाक परत आलं म्हणायचं." आत्या काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात मी फोन ओढून घेतला.

"बाई, आत्याचं नाक कुठेच गेलं नव्हतं. गेल्या वर्षीची पेटी मी भरली होती. चूक माझी होती."

मग शाळेत तोंडी परीक्षा घेतात त्या आवाजात बाईंनी विचारलं, "आणि यंदाची कोणी भरली?"

"यंदाची पण मीच," मी म्हटलं, आणि माझा आवाज एवढा मोठा लागला की कुंपणापलीकडची शेजारीण बाहेर येऊन बघायला लागली.