काळी पाच

धसईच्या बाजारात कमळाकर भेंडी घेऊन बसतो, पण त्याला भेंडीवाला कोणी म्हणत नाही. भात आणि भेंडी पोटापुरती. नाव झालं ते ऑर्केस्ट्रामुळे. हळदीच्या कार्यक्रमात हा कीबोर्डवर आणि बायको शकू माइकवर. मुरबाडपासून शहापूरपर्यंत या जोडीशिवाय हळद झाली, तर ती लागलीच नाही असं म्हणणारे लोक आहेत. शकूला कोणी पट्टी विचारली की ती पदर सारखा करून सांगायची, "आमची काळी पाच." एवढ्या वरून गाणारी बाई आसपास दुसरी नव्हती, आणि शकू ते कोणाला विसरू देत नसे.

खरी गोष्ट एकट्या कमळाकरला माहीत होती. मुलगी कुणाली दहावीला होती, त्या साली शकूचा आवाज वरच्या सुरावर चिरकायला लागला. कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं जुन्याच जागी फिरतात, सूर मात्र खाली उतरतो. कमळाकरने ते गुपचूप एकदा दाबलं. मग काही महिन्यांनी पुन्हा, आणि पुढच्या साली पुन्हा. काळी पाचवरचं गाणं असं उतरत उतरत पांढरी पाचवर येऊन टेकलं. शकूला वाटलं, आपला गळा सुधारला. कमळाकरने वाटू दिलं.

आता कुणालीचंच लग्न ठरलं होतं, स्थळ शहापूरचं. शकूचा भाचा स्वरूप कल्याणला एका स्टुडिओत कामाला आहे. कमळाकरने पूर्वी एक हळदीचं गाणं बांधलं होतं. ते स्वरूपने मोठ्या वाद्यवृंदावर रेकॉर्ड करून आहेर म्हणून पाठवलं. व्हायोलिनांचा ताफा, बासरी, मागे ढोल; गाण्याची जागा तेवढी रिकामी, ती हळदीच्या मांडवात आत्याने भरायची. पण लय आणि पट्टी त्या पोराने घेतली जुन्या कॅसेटवरून, म्हणजे आत्याच्या ऐन उमेदीतली. गाणं नुसतं दौडत होतं, आणि पट्टी होती काळी पाच.

शकू फोन कानाशी धरून डोलत होती. "काय गोड केलंय पोराने. पण आता गाऊन बघायची नाय मी. हळदीपर्यंत गळा राखते."

साथीला माणूस असला तर तो गाणाऱ्याचा श्वास बघतो, अडला तर थांबतो. रेकॉर्डिंग कोणासाठी थांबत नाही. मांडवात सगळं गाव असणार, समोर व्याही बसणार, आणि "हळद लागली दारच्या आंब्याला" या ओळीत "आंब्याला" वर जाताना शकूचा आवाज फाटणार. कमळाकरला ते आत्ताच ऐकू येत होतं. स्वरूपला पट्टी उतरवायला सांगावं, तर तो कुणालीला बोलणार, आणि कुणालीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

शेवटी तो गोठ्यामागे गेला आणि फोनवर स्वतःच खटपट करत बसला. एका ॲपमध्ये पट्टी उतरत होती खरी, पण तिच्याबरोबर लयही मंदावत होती. हळदीचं गाणं पाठवणीचं झालं. व्हायोलिनं अशी रडायला लागली की म्हैस रवंथ सोडून बघू लागली.

"कोण वारलं?" मागून शकूने विचारलं.

"बॅटरी उतरलीय."

"बॅटरी उतरल्यावर गाणं रडतं होय?" असं म्हणून ती गेली. कमळाकरची मात्र जेवणावरची वासनाच उडाली.

हळदीच्या सकाळी शकूने कलपाची वाटी त्याच्या हातात दिली. मागचे केस तिला दिसत नाहीत, त्यामुळे ते काम पहिल्यापासून त्याचंच. अर्धं डोकं झालं आणि त्याला राहवेना.

"शकू, पट्टी काळी पाच नाय राहिली. पांढरी पाच झालीय."

"कोणाची?"

"तुझी." मग त्याने बटणाचं सगळं सांगून टाकलं.

कलपाचा ओघळ तिच्या मानेवर आला, तरी ती हलली नाही. "कधीपासून?"

"कुणाली दहावीला होती तवापासून. तुला वाईट वाटंल म्हणून..."

"मला येडी ठेवली, ते वाईट नाय? लोकं टाळ्या वाजवीत होती त्या मला, का तुमच्या बटणाला?"

ती उठली आणि डोकं धुऊन आली. केस मागून अर्धे काळे, अर्धे पांढरे. दिवसभर ती पाहुण्यांशी बोलली, त्याच्याशी नाही. ती गाणार की नाही, गाणार तर कशावर, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही.

संध्याकाळी मांडव भरला. स्वरूप रेकॉर्डिंग लावायच्या तयारीत होता. शकूने माइक घेतला.

"स्वरूप, थांब जरा रे. तुझं गाणं नंतर नाचायला लाव. आता कुणालीचे बाबा वाजवतील." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमची पट्टी पांढरी पाच." आणि कमळाकरजवळ येऊन हळूच, "ते बटण काढा. हाताने वाजवा."

त्याने बटण बंद केलं, म्हणजे आता बोट पडेल तोच सूर. शकूने गाणं उचललं आणि त्याची बोटं सवयीने काळ्या पट्ट्यांवर गेली. भलताच सूर लागला. सावरायला गेला तर पुन्हा चुकला. इतक्या वर्षांत त्याने हे गाणं पांढरी पाचवर हाताने वाजवलंच नव्हतं. व्याह्यांकडचं कोणीतरी हसलं.

शकूने त्याच्या बोटांकडे बघितलं. "आंब्याला" वर न जाता ती "हळद लागली" वरच थांबली. तेच दोन शब्द तिने घोळवले, लय उतरवली, पुन्हा घोळवले. बायकांना वाटलं, ही मुद्दामच खेळवतेय. त्या टाळ्यांनी ठेका धरू लागल्या. कमळाकरची बोटं चाचपडत जागेवर आली, तेव्हाच तिने लय चढवली आणि "आंब्याला" वर नेलं. आवाज फाटला नाही.

गाणं संपल्यावर माइक बाजूला धरून ती त्याला म्हणाली, "सांभाळून घेतलं तुमाला. पण मी सांगते तरी, तुमच्यासारखं लपवीत नाय."