जपायचं ते अंधारात

प्रयोगशाळेत तिला सगळे पालकबाई म्हणत. पोतं भरून पालक यायचा. देठ खुडून ती पानं बर्फाच्या पाण्यात वाटायची, रस गाळून यंत्रात गरगर फिरवायची आणि तळाला बसलेला हिरवा साका हलक्या हाताने काढून घ्यायची. पानं ज्या प्रथिनाने उजेड पकडतात, ते या साक्यात असतं. ते काचेच्या पट्टीवर बसवायचं आणि त्यावर ऊन पाडून वीज काढायची, असा सगळा खटाटोप. पण प्रथिन महा नाजूक. पट्टीवर पक्कं बसेपर्यंत उजेड लागला की कामातून गेलं. म्हणून तिची खोली गार आणि काळोखी, एक मिणमिणता हिरवा दिवा तेवढा. जपायचं ते अंधारात, हे तिच्या अंगातच मुरलं होतं.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याची नजर अधू झाली, उजेड खुपू लागला, तेव्हा तिने घरीही तेच केलं. जाड पडदे लावले, दिवे काढले. डोळ्यातला दाब वाढलाय, लवकर पुन्हा दाखवा, असं डॉक्टर बजावून म्हणाले होते. पण अंधारात त्याला बरं वाटायचं, मग कशाला नसती उठाठेव? "मलाही बरणीत भरून ठेव," तो म्हणायचा आणि दोघं हसायची. तो घरात चाचपडत चाले. त्या काळोखात तीही चाचपडतच होती, मग कुणाच्या काय ध्यानात येणार?

एका दुपारी पट्टीवर ऊन पडलं आणि मीटरचा काटा हलला. प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमनी कौतुकाने त्यातलीच एक पट्टी तिच्या हातावर ठेवली. पुढेमागे अशाने आंधळ्यालाही उजेड कळेल, म्हणाल्या. पालकबाईला आभाळ ठेंगणं झालं. ती तडक घरी आली.

नवऱ्याचा डोळा लागला होता. जागा झाल्याबरोबर त्याला पट्टी दिसावी म्हणून तिने आवाज न करता सगळे पडदे सारले. खोली लख्ख उजळली. कोपऱ्यातली धूळसुद्धा दिसू लागली. मग तिने त्याला हलवून उठवलं आणि "हे बघ," म्हणत पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

त्याने डोळे उघडले. त्याची पापणी लवली नाही.

"अगं, दाखवतेस ना?" तो म्हणाला. "मग आधी पडदा तरी उघड."